चौकोनी विटा, गोल बुरूज

मुलांपुढे प्लास्टिकच्या जोडविटांचा डबा ओतला आणि 'किल्ला करा' म्हटले, की अर्ध्या तासात किल्ला उभा राहतो. चार भिंती, कोपऱ्यांवर चार चौकोनी बुरूज, मधोमध दार आणि वरच्या कडेला एक वीट सोडून एक वीट बसवून केलेल्या चर्या. पाचवीच्या मुलांचा किल्ला असा असतो आणि नववीच्या मुलांचाही बहुधा असाच असतो. नववीच्यांचा जरा सरळ असतो एवढेच. चित्रात पाहिलेले बुरूज गोल होते हे त्यांना आठवत असते. पण विटा चौकोनी, त्यात गोल कुठून आणायचे, असे म्हणून ती पुढे सरकतात.

या लेखात आपण नेमके तिथेच थांबणार आहोत. खोक्यावरच्या चित्राबरहुकूम विटा जोडण्यात मजा असते, नाही असे नाही. पण चित्र बाजूला ठेवून स्वतःचा किल्ला आखायला बसले, की पावलोपावली अडते. भिंत किती जाड घ्यायची? किती उंच? बुरूज गोलच का? दोन-दोन तट कशाला? या प्रश्नांची उत्तरे विटांच्या डब्यात नसतात. ज्यांनी सातशे-आठशे वर्षांपूर्वी खरे किल्ले बांधले, आणि ज्यांनी ते पाडले, त्यांच्याकडे जावे लागते. भूमिती मात्र आठवी-नववीची पुरते.

आधी वीट मोजू

ज्या विटांबद्दल आपण बोलतो आहोत त्या मूळच्या डेन्मार्कमधल्या. बिलुंड या गावी ओले कर्क क्रिस्तियानसेन नावाच्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली, त्यातून पुढे लेगो कंपनी उभी राहिली. आज आपण पाहतो त्या विटेचे, म्हणजे वर गोल उंचवटे आणि पोटात पोकळ नळ्या असलेल्या विटेचे, पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी मागण्यात आले. त्या वर्षी बनलेली वीट आज बनलेल्या विटेत बसते. कंपनीने आपला पहिला मोठा किल्ला १९७८ साली बाजारात आणला. तो चक्क पिवळा होता! आता त्याच मापाच्या विटा इतरही अनेक कारखाने बनवतात. त्यामुळे शाळेच्या डब्यात बहुधा सरमिसळ असते. आपल्या कामाला ती चालते.

विटेवरच्या उंचवट्यांना आपण 'खुंट्या' म्हणू. मुलांना पट्टी देऊन मोजायला सांगा. शेजारच्या दोन खुंट्यांच्या मध्यांतले अंतर ८ मिमी. विटेची उंची, खुंटी सोडून, ९.६ मिमी. चपटी वीट याच्या एक तृतीयांश, म्हणजे ३.२ मिमी. एक वीट पट्टीने मोजली तर ९.६ चे ९ आणि १० असे दोन तट वर्गात पडतात. दहा विटांचा मनोरा करून ९६ मिमी मोजले की भांडण मिटते.

रुंदी आणि उंची यांचे गुणोत्तर ८ : ९.६, म्हणजे ५ : ६ आले. याचा अर्थ सहा खुंट्या आडव्या आणि पाच विटा उभ्या यांची लांबी सारखीच, ४८ मिमी. साध्या आलेखकागदावर किल्ल्याची उभी बाजू काढली तर ती प्रत्यक्षात ताणल्यासारखी उंच होते, त्याचे कारण हेच. उभ्या बाजूसाठी ५ : ६ चौकटींचा कागद मुलांनी स्वतः आखावा. ज्या शाळेत विटा नाहीत तिथे हा कागद आणि पुठ्ठा एवढ्यावरही पुढचे सगळे करता येते.

नमुना कोणता?

नमुन्यासाठी आम्ही वेल्समधील अँगलसी बेटावरचा बोमॅरिसचा किल्ला निवडला. याचे एक कारण फार साधे आहे. विटांची तळपाटी सपाट असते आणि बोमॅरिसची जागाही सपाट आहे. तिथे दलदल होती. 'सुंदर दलदल' अशा अर्थाच्या नॉर्मन फ्रेंच शब्दांवरूनच गावाला नाव पडले. आपल्याकडचे डोंगरी किल्ले कड्याच्या कडेकडेने वळत जातात, त्यांचा आकार बांधणाऱ्याने नव्हे, डोंगराने ठरवलेला असतो. दिवाळीत आपली मुले किल्ला मातीचा करतात ते बरोबरच आहे. डोंगर मातीत होतो, विटांत होत नाही. बोमॅरिसला अडवायला डोंगर नव्हता. त्यामुळे बांधणाऱ्याला कागदावर जे उत्तम वाटले तेच जमिनीवर आखता आले.

वेल्समध्ये १२९४ साली बंड झाले. ते मोडल्यावर इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२९५ साली हे काम काढले. मुख्य कारागीर होता सेंट जॉर्जचा मास्टर जेम्स. फेब्रुवारी १२९६ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने राजाच्या खजिन्याकडे पाठवलेले पत्र आजही उपलब्ध आहे. पैसे का संपले याचा हिशेब त्यात आहे: ४०० गवंडी, २,००० मजूर, २०० खाणकामगार, ३० लोहार आणि सुतार, शिवाय १०० गाड्या, ६० मोठे गाडे आणि ३० होड्या. काम जवळजवळ १३३० पर्यंत रखडत चालले, सुमारे १५ हजार पौंड खर्च झाले, आणि किल्ला पुरा झालाच नाही. १९८६ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे.

आपल्याला लागणारी मापे अशी. आतला तट ११ मीटर उंच आणि ४.७ मीटर जाड. त्याने वेढलेले आवार साधारण चौरस, सुमारे पाऊण एकर. म्हणजे एक बाजू अंदाजे ५५ मीटर. त्याभोवती आठ बाजूंचा दुसरा, बुटका तट. त्याच्याबाहेर साडेपाच मीटर रुंदीचा खंदक.

प्रमाण: इथे डबा अपुरा पडतो

या विटांबरोबर येणारा बाहुला सुमारे ४ सेंमी उंच असतो. माणूस १.७ मीटर धरला तर प्रमाण १ : ४२ झाले. मुलांना याच प्रमाणात किल्ला हवा असतो, कारण त्यात बाहुले उभे राहतात. तर मग हिशेब करू. ११ मीटरची भिंत २६ सेंमी होईल, म्हणजे २७ विटा. जाडी ११.२ सेंमी, म्हणजे १४ खुंट्या. आवाराची बाजू १.३१ मीटर, म्हणजे १६४ खुंट्या. तटाची बाहेरची बाजू १६४ + २८ = १९२ खुंट्या. एका थरातल्या खुंट्या म्हणजे १९२ च्या वर्गातून १६४ चा वर्ग वजा: ९,९६८. असे २७ थर. एका मोठ्या (दोन बाय चार) विटेवर ८ खुंट्या असतात. भागाकार केला की उत्तर येते ३३,६४२ विटा. बुरूज, दरवाजे आणि बाहेरचा तट यात अजून धरलेलेच नाहीत!

हे उत्तर फळ्यावर आले की वर्गात शांतता पसरते. मग कोणीतरी म्हणते, "सर, निम्मा करू." तिथे विचारावे: सगळी मापे निम्मी केली तर विटा निम्म्या लागतील का? बरीच मुले हो म्हणतात. लांबी, रुंदी, उंची तिन्ही निम्म्या होतात, म्हणून विटा आठव्या हिश्श्याने लागतात. मापे पाव केली तर चौसष्टाव्या हिश्श्याने. घनाचा नियम सूत्र म्हणून पाठ असतो, पण विटा कमी पडल्यावर तो जसा कळतो तसा एरवी कळत नाही.

आम्ही मापे पाव केली. प्रमाण १ : १६८ झाले. याचा एक फायदा अचानक हाती लागला. १.७ मीटरचा माणूस या प्रमाणात एक सेंटिमीटरचा होतो, म्हणजे जवळजवळ एका विटेएवढा. 'एक वीट म्हणजे एक माणूस' हे लक्षात ठेवले की उंचीचा अंदाज चुकत नाही. एक खुंटी म्हणजे १.३४ मीटर. तट ७ विटा उंच, ४ खुंट्या जाड, आवार ४१ खुंट्या. पुन्हा हिशेब केला: ४९ च्या वर्गातून ४१ चा वर्ग वजा करून ७२०, गुणिले ७, भागिले ८: ६३० विटा. घनाच्या नियमाने खरे तर ५२६ यायला हव्यात. शंभर विटा कुठून वाढल्या? जाडी ३.५ यायची ती आपण ४ केली आणि उंची ६.८ ची ७ केली, त्यातून. अर्धी वीट नसते, त्याची ही किंमत.

यातही काटकसर करता येते, आणि ती प्रामाणिक काटकसर आहे. मध्ययुगातला जाड तट भरीव घडीव दगडांचा क्वचितच असे. बाहेरून-आतून घडीव दगडांच्या दोन भिंती आणि मध्ये चुन्यात कालवलेला डबर, अशी रचना असे. बोमॅरिसच्या आतल्या तटाच्या जाडीत तर चालत जाण्याजोगे बोळ आहेत. म्हणून आपणही एकेका खुंटीच्या दोन भिंती बांधू आणि मध्ये दोन खुंट्यांची पोकळी ठेवू. खुंट्या नेमक्या निम्म्या लागतात, करून पाहा. मात्र दोन्ही भिंतींना धरून ठेवायला दर सात-आठ खुंट्यांवर एक आडवी वीट आरपार घालावी लागते. दगडी भिंतीतही असे लांब दगड आरपार घालतात. ते विसरलेली एक भिंत आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी पोट काढून उभी होती.

शेवटी ४८ बाय ४८ खुंट्यांच्या एका तळपाटीवर मावावा म्हणून आवार २० खुंट्यांचे केले. म्हणजे तट बोमॅरिसचा, आवार आपले. बाहेरचा तट तळपाटीच्या कडेने, एक खुंटी जाड आणि ४ विटा उंच, आठाऐवजी चारच बाजूंचा. आता आला बुरूज.

कोपरा का नको?

१२१५ साली इंग्लंडच्या जॉन राजाने रोचेस्टरच्या किल्ल्याला वेढा घातला. बंडखोर सरदार आतल्या चौकोनी बालेकिल्ल्यात अडकले होते. तो बालेकिल्ला सुमारे ३४ मीटर उंच, भिंती अवाढव्य. राजाच्या लोकांनी त्याच्या एका कोपऱ्याखाली भुयार खणले, वरचे दगड लाकडी खांबांवर तोलून धरले आणि मग ते खांब पेटवून दिले. आग नीट भडकावी म्हणून राजाने खाण्याच्या लायकीची नसलेली चाळीस लठ्ठ डुकरे पाठवायला सांगितली होती. तो हुकूम कागदोपत्री शिल्लक आहे. खांब जळले, कोपरा कोसळला. तरीही आतले लोक मधल्या आडव्या भिंतीमागे सरकून काही दिवस लढले आणि अखेर उपासमारीने शरण आले. पुढे कोपरा दुरुस्त झाला तेव्हा तो गोल बांधला गेला. आजही तिथे तीन कोपरे चौकोनी आणि एक गोल दिसतो.

कोपऱ्याचे वैगुण्य काय? कोपऱ्यातल्या दगडाला दोन बाजू उघड्या असतात, म्हणून तो पहारीने उचकटता येतो. फेकलेला धोंडा सपाट भिंतीवर समोरून आदळतो, गोल भिंतीवरून बहुतेक वेळा तिरपा निसटतो. आणि तिसरी गोष्ट, जी मॉडेलवर उत्तम दाखवता येते: चौकोनी बुरुजाच्या तोंडापाशी एक जागा अशी राहते की शेजारच्या कुठल्याही बुरुजावरून ती दिसत नाही.

यासाठी दोरा घ्या. शेजारच्या बुरुजावर, तिरंदाज उभा असेल तिथे, त्याचे एक टोक धरा आणि चौकोनी बुरुजाच्या पुढच्या कोपऱ्याला घासून ताणा. दुसऱ्या बाजूच्या बुरुजावरूनही तसेच करा. दोन दोऱ्यांच्या आणि बुरुजाच्या तोंडाच्या मध्ये जो त्रिकोण सापडतो, त्यात उभ्या असलेल्या शत्रूला बाजूने बाण लागत नाही. भुयार खणणाऱ्याला हवी असते ती हीच जागा. आता चौकोनी बुरूज काढून तिथे गोल बांधा आणि पुन्हा दोरे ताणा. त्रिकोण लहान होतो, पण उरतो. तो पुरता नाहीसा करायला बुरूज टोकदार करावा लागला आणि ते तोफा आल्यावर, युरोपात सोळाव्या शतकात झाले. त्या चांदणीच्या आकाराच्या किल्ल्यांचा विषय वेगळा आहे.

चौकटीत वर्तुळ

गोल हवा हे पटले. पण तळपाटी म्हणजे चौकटींचा कागद. त्यात वर्तुळ कसे बसवायचे?

पहिली रीत मोजणीची. कागदावर ७ चौकटी व्यासाचे वर्तुळ काढा आणि ज्या चौकटींचा मध्य वर्तुळाच्या आत पडतो त्या रंगवा. ओळीवार संख्या येतात ३, ५, ७, ७, ७, ५, ३. बेरीज ३७. हा आपला बुरूज. आमच्या प्रमाणात तो सुमारे ९.४ मीटर व्यासाचा झाला. आता गणिताच्या शिक्षकांनी सोडू नये अशी जागा येते. वर्तुळाचे क्षेत्रफळ पाय गुणिले व्यासाचा वर्ग भागिले ४. त्यात ३७ घातले तर 'पाय'ची किंमत ३.०२ निघते. १५ चौकटींचा व्यास घ्या: रंगवलेल्या चौकटी भरतात १७७ आणि 'पाय' येतो ३.१४७. दोन गटांना वेगवेगळे व्यास द्यावेत आणि कोणाचा पाय जास्त बरोबर, याची पैज लावावी.

सातच्या बुरुजात आम्ही एक चूक केली ती सांगून टाकतो. विटा वाचवायच्या म्हणून फक्त कडेच्या खुंट्या घेतल्या. त्या १६ भरतात. पण तिरप्या जागी शेजारच्या विटा एकमेकींना फक्त टोकाने भिडतात. सगळे थर सारखेच, त्यामुळे एकही वीट शेजारच्या दोघींना बांधत नाही आणि गोल भिंतीऐवजी सुटे खांब उभे राहतात. गवंडी ज्याला सांधेमोड म्हणतात, म्हणजे खालचा सांधा वरच्या विटेने झाकणे, ती तिथे शक्यच नव्हती. कड दोन खुंट्या जाड केली (२८ खुंट्या) तेव्हा थर एकमेकांत गुंतले आणि बुरूज घट्ट झाला.

दुसरी रीत बिजागरीची. ज्यांना बाहुल्याच्या प्रमाणात एखादाच मोठा बुरूज करायचा आहे त्यांच्यासाठी ती आहे. बिजागरी असलेल्या विटांनी भिंत हव्या त्या कोनात वळते, पण तिचे दुसरे टोक पुन्हा कुठल्यातरी खुंटीवर नेमके बसले पाहिजे. ते कधी बसेल? आडवे अंतर, उभे अंतर आणि भिंतीची लांबी तिन्ही पूर्ण संख्या असतील तेव्हा. म्हणजे पायथागोरसची त्रिकुटे. ३, ४, ५ घ्या: खुंटीपासून ४ आडव्या आणि ३ उभ्या अंतरावर ५ लांबीची भिंत चपखल बसते. (अंतरे ५ म्हणजे खुंट्या ६, हे मुले हमखास विसरतात. कुंपणाचे खांब मोजतानाची जुनी चूक.) ५, १२, १३ आणि ८, १५, १७ हीसुद्धा चालतात.

पण अष्टकोनी बुरुजाला ४५ अंशाची बाजू हवी, आणि तिथे आडवे-उभे अंतर सारखे असते. मग कर्ण येतो दोनच्या वर्गमुळाच्या पटीत आणि तो पूर्ण संख्या कधीच होत नाही. मग काय, जवळात जवळ जायचे. ५ आणि ५ चा कर्ण ७.०७, त्याऐवजी ७ घेतले तर चूक अर्ध्या मिलिमीटरहून जास्त, भिंत कुरकुरते. १२ आणि १२ चा कर्ण १६.९७, १७ घेतले तर चूक पाव मिलिमीटरहून कमी, तीही १३६ मिमी लांबीत. विटांच्या सांध्यांतला ढिलेपणा ती गिळून टाकतो. असा अष्टकोन १२ + १७ + १२ = ४१ अंतरांचा होतो. बाहुल्याच्या प्रमाणात त्याचा व्यास १३.८ मीटर, अगदी भक्कम बुरुजाएवढा.

हे १७ भागिले १२ आपल्याकडे फार जुने आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रात दोनच्या वर्गमुळासाठी एक नियम दिला आहे: एकात त्याचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा, आणि त्यातून त्याचा चौतिसावा भाग वजा करा. शेवटची वजाबाकी सोडली तर १ + १/३ + १/१२, म्हणजे नेमके १७/१२. वर आलेली त्रिकुटेही शुल्बसूत्रात आहेत. आणि शुल्बसूत्रे कशासाठी होती? ठरावीक आकाराच्या विटांनी ठरावीक क्षेत्रफळाच्या वेदी रचण्यासाठी. विटांच्या मापात न बसणारी लांबी हा प्रश्न त्यांनाही पडला होता.

दुसरा तट कशासाठी?

आता किल्ला बाजूने पाहू. आपला बाहेरचा तट ४ विटा, आतला ७. आतला उंच असल्याने दोन्हीवरचे तिरंदाज एकाच वेळी बाण मारू शकतात, असे पुस्तकांत असते. किती दूरवरचे दिसते हे मात्र मोजावे. आतल्या तटाच्या माथ्यावरून बाहेरच्या तटाच्या बाहेरील कडेला घासून दोरा जमिनीपर्यंत ताणा. दोन्ही कडांत आडवे अंतर १० खुंट्या, म्हणजे ८० मिमी. उंचीतला फरक ३ विटा, २८.८ मिमी. समरूप त्रिकोणांनी दोरा तटापासून १०७ मिमी दूर टेकतो. प्रत्यक्षात १८ मीटर. (तिरंदाजाची स्वतःची उंची आपण सोडून दिली.) म्हणजे आतल्या तटावरून बाहेरच्या तटाच्या पायथ्यालगतचा १८ मीटरचा पट्टा दिसतच नाही आणि साडेपाच मीटरचा खंदक पूर्ण त्यात येतो. खंदक राखायचा तो बाहेरच्यांनीच. बुरूज तटाच्याच रेषेत धरून नऊ विटा उंच केला तर दोरा ६४ मिमीवर टेकतो. बुरूज उंच का, हे एका दोऱ्याने सांगितले. बोमॅरिसच्या बाहेरच्या तटात बाण मारायच्या १६४ फटी (आपल्याकडे ज्यांना जंग्या म्हणतात त्या) का ठेवल्या असतील तेही इथे उमगते. आपल्या प्रमाणात त्या दाखवता येत नाहीत; पाच सेंटिमीटरची फट अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक होते. विटांमधल्या सांध्यालाच जंगी म्हणावे!

दरवाजा करताना बोमॅरिसमधली एक गोष्ट उचलावी. बाहेरचा दरवाजा आतल्याच्या सरळ समोर नाही, बाजूला सरकवलेला आहे. आत घुसलेल्याला वळावे लागते आणि वळताना त्याची कूस तटाकडे येते. रायगड पाहिलेल्या मुलांना हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

हे मॉडेल कुठे फसवते?

मॉडेल खरे बोलते असे मानण्याची सवय मुलांना लागू नये, म्हणून हा भाग टाळू नये. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत २०१२ साली दोन बाय दोनची लेगो वीट यंत्रात दाबून पाहिली. ती सरासरी ४,२४० न्यूटन बलाला चेपली. एका विटेचे वजन १.१५ ग्रॅम. यावरून तळाची वीट चेपायला वर किती विटा लागतील? भागाकाराने पावणेचार लाख. मनोरा साडेतीन किलोमीटर उंच! अर्थात तो त्याआधीच वाकून पडेल.

म्हणजे आपल्या सात विटांच्या तटाला वजनाची काही फिकीर नाही. गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात दाखवले आहे, की आकार वाढला की वजन घनाने वाढते आणि छेदाचे क्षेत्रफळ वर्गाने. त्यामुळे लहान प्रतिकृती मुळापेक्षा नेहमीच दणकट वाटते. मग दगडी किल्ल्याबद्दल मॉडेलवरून काहीच कळत नाही का? कळते. दगडी भिंत बहुधा दगड चिरडून पडत नाही. ११ मीटरच्या तटाच्या पायथ्याला दर चौरस मीटरवर २७-२८ टन भार येतो, चांगल्या दगडाला तो किरकोळ आहे. भिंत पडते ती तोल गेल्याने किंवा पायाखालची जमीन काढून घेतल्याने, जशी रोचेस्टरला पडली. तोल हा आकाराचा प्रश्न आहे, आणि आकार लहान केला तरी तोल तसाच राहतो.

फसवणूक आहे ती खुंट्यांची. खुंट्या विटांना ओढाताणीतही धरून ठेवतात. जुन्या चुन्याच्या सांध्यात ताण सोसण्याची ताकद नाममात्र असते. तटाच्या माथ्यावर बाहेर काढलेला सज्जा मुले प्लास्टिकच्या विटांनी सहज लांबवतात. तोच सज्जा काडेपेट्यांनी करायला सांगा. टेबलाच्या कडेवर एकावर एक चार काडेपेट्या ठेवून प्रत्येक थोडी थोडी पुढे सरकवायची. वरची काडेपेटी टेबलाच्या कडेबाहेर पूर्ण जाईल का? जाते. वरून खाली सरकवायची अंतरे लांबीच्या १/२, १/४, १/६, १/८ अशी ठेवली तर बेरीज २५/२४ येते, एकाहून थोडी जास्त. मात्र हात स्थिर हवा आणि काडेपेट्या भरलेल्या हव्यात. आम्ही नियम केला, की किल्ल्याचा जो भाग काडेपेट्यांत उभा राहत नाही तो विटांतही बांधायचा नाही. यावर मुलांनी बरीच कुरकुर केली. एका गटाने बुरुजाला बाहेर काढलेला सुंदर सज्जा केला होता, तो उतरवावा लागला. उतरवण्यापूर्वी त्यांनी त्याच्या मागच्या टोकावर वजन म्हणून भिंत चढवून पाहिली आणि काडेपेट्यांतही तो तोलला. खऱ्या किल्ल्यांतही बाहेर काढलेल्या दगडाचे मागचे टोक वरच्या भिंतीच्या वजनाखालीच दाबलेले असते. सज्जा राहिला.

आपल्या किल्ल्याचा एकंदर हिशेब असा: आतला तट १,३४४ खुंट्या, बाहेरचा तट ७५२, चार बुरूज प्रत्येकी २८ गुणिले ९ म्हणजे मिळून १,००८. एकूण ३,१०४ खुंट्या. बुरूज आणि तट जिथे एकमेकांत शिरतात तिथे थोड्या कमी, आरपार विटांच्या आणि दरवाजांच्या थोड्या जास्त. मोठ्या विटांच्या मापाने हे जेमतेम चारशे विटांचे काम आहे. एवढे करूनही आमच्या डब्यातल्या विटा मागच्या दोन बुरुजांना सातव्या थरानंतर पुरल्या नाहीत. आणखी ११२ खुंट्या हव्या होत्या. बोमॅरिसच्या बुरुजांचेही माथे कधी बांधले गेले नाहीत. स्कॉटलंडच्या लढायांकडे पैसा वळला आणि काम थांबले. मुलांनी दोन्ही बुरूज तसेच ठेवले आणि तळपाटीच्या कडेला तुटीचा आकडा लिहिलेली चिठ्ठी चिकटवली.